पाजवताना सुटणाऱ्या खरखरीला काय म्हणायचं?

शहापूरची_सून: स्वयंपाकाची सुरी घरीच पाजवायला शिकतेय, अजून नीट जमत नाही. सासरे सांगतात, एकाच बाजूनं घासायचं; पलीकडच्या अंगाला मुठीपासून टोकापर्यंत बोटाला खरखर लागली, की मगच पातं उलटायचं. मला ती टोकाकडं लागते, मुठीजवळ नाही. नणंदेला कृती लिहून द्यायचीय, या खरखरीला शब्द कोणता?

उद्यमबाग: ‘बर’, इंग्रजीतला burr. लेथवरच्या जॉबच्या कडेला येते तीही ‘बर’च. ‘बर काढ की रे’ म्हटलं की पोरगं कानस उचलतं.

जुनंपान: इंग्रजी कशाला? ‘कोर’ म्हणा.

उद्यमबाग: कोर म्हणजे कड. कड राहायला हवी, बर जायला हवी. दोन्हीला एकच शब्द दिला तर शिकणाऱ्यानं काय समजायचं?

खानापूरकर: मुळात सुरी ‘पाजवतात’ का? आमच्याकडं कोयती पाजळतात. पाजवणं म्हणजे पाणी पाजणं, ते लोहाराचं काम.

जुनंपान: त्याला पाणी देणं म्हणतात. तापलेलं पातं पाण्यात बुडवलं की पोलाद कडक होतं. पाजवताना ते झिजतं. कामं वेगळी, शब्दही वेगळे.

निपाणीची: माझी आजी विड्या वळायची. पानं कापायची कात्री बोथट झाली की म्हणायची, ‘साणंला लावून आण जा.’ कन्नडमधली साणे.

जुनंपान: मूळ संस्कृत शाण. आपली सहाणही त्यातलीच.

निपाणीची: असेल. पण सहाणेवर आम्ही गंध उगाळतो. आजीचा शब्द गल्लीत येणाऱ्या कन्नड साणेवाल्याचा, तो मी सोडणार नाही.

जुनंपान: मग निदान धार लावायच्या दगडाला कार्बोरंडम म्हणू नका. निसणा हा चांगला शब्द आहे.

उद्यमबाग: निसणा मलाही आवडतो. पण कार्बोरंडमही फार परका नाही. अमेरिकन संशोधक ॲचेसननं १८९३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. नावातला ‘कोरंडम’ तमिळ कुरुंदमवरून गेलेला, म्हणजे आपला कुरुंद.

शहापूरची_सून: मुठीजवळ खरखर येत नाही, त्याचं कुणी सांगेल का?

उद्यमबाग: तिथं कोन बदलत असणार. धारेला मार्करची शाई फासा, दोन-चार हात मारा आणि शाई कुठं उरते बघा. कडेलाच उरली तर पाठ जरा उचला. कड पुसून वरची उरली तर पाठ खाली घ्या. बर आली की उलटा.

खानापूरकर: शाईची युक्ती मीही करून बघतो. पण दिवा पाजळतात तशीच कोयती पाजळतात, दोन्हीत तेज आणायचं असतं. पाजवणं मला पटलेलं नाही.