खारच्या क्लबात मराठी पाच मिनिटं. घरी हसतात, तिथे हसतील का?

लॉकरवाली

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात एका सहकारी बँकेत आहे, लॉकर माझ्याकडे. बँकेच्या स्नेहसंमेलनाचं निवेदन दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. यंदा एका सहकाऱ्याने भरीला घातलं आणि खारच्या एका कॉमेडी क्लबात ओपन माइकसाठी (म्हणजे नाव देईल त्याला स्टेजवर थोडा वेळ) नाव दिलं. पुढच्या बुधवारी पाच मिनिटं मिळालीत. हिंदी येतं, पण हिंदीत मी विनोदी वाटत नाही, नुसती तक्रारखोर वाटते. म्हणून मराठीतच करणार.

मुख्य किस्सा हा, मी बोलते तसाच लिहिते:

"आमच्या बँकेत एक काकू आहेत, त्या दर मंगळवारी लॉकर उघडायला येतात आणि अर्धा अर्धा तास आत असतात, तर मला वाटायचं की दागिने मोजत असतील, पण एकदा मी त्यांना विचारलं की काकू तुम्ही एवढा वेळ आत काय करता, तर त्यांनी पर्समधून बटाटावडा काढून दाखवला आणि मला म्हणाल्या की घरी सुनेने डाएट लावलंय ना, म्हणून मी इथे येऊन खाते, असं त्या म्हणाल्या."

नणंद हसून हसून लोळली. सासूबाई अजिबात हसल्या नाहीत, पण त्याचं कारण वेगळं असावं. हे क्लबात चालेल का? अमराठी लोक असतील त्यांचं काय? आणि नवरा म्हणतोय, तिथे तोडफोड वगैरे होते, कशाला जातेस.

तिसरी_घंटा

अभिनंदन. स्टँड-अप म्हणजे काहीतरी नवीन, असं दडपण घेऊ नका. आपल्याकडे एकपात्री प्रयोगांची मोठी परंपरा आहे, दोन-दोन तास एकट्याने नाट्यगृह हसवलेली माणसं आपण पाहिली आहेत. उच्चार स्पष्ट ठेवा, संहिता तोंडपाठ करा आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवा. विरामांची जागा आधीच ठरवून ठेवा. बाकी आशीर्वाद आहेतच.

शेवटची_कर्जत

ताई, मी दिवसा विमा विकतो आणि रात्री ओपन माइकला होस्टगिरी करतो. म्हणजे दोन्ही पाळ्यांना लोकांना नको असलेला माणूस.

तिसरी_घंटा यांचा मान राखून सांगतो, विराम आधी ठरवता येत नाही. तिथे विराम प्रेक्षक ठरवतो. आणि शेवटची रांग पहिल्या रांगेपासून पंधरा पावलांवर असते. खोली लहान, छत खाली, खुर्च्यांना खुर्च्या लागलेल्या, प्रेक्षक अंधारात. हे सगळं मुद्दाम असतं, कारण शेजारच्याचा खांदा हलला की आपलाही हलतो. मोठ्या सभागृहात तेच चाळीस लोक विखरून बसवा, तोच विनोद मरतो. तेव्हा आवाज पोचवायच्या भानगडीत पडू नका, ते माइक करतो. तुम्ही लॉकरपाशी उभ्या राहून बोलता तशाच बोला.

आता किस्सा. माल चांगला आहे, पण बांधणी चहाच्या टेबलावरची आहे. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, आणि माइकवर तेच नडतं. 'बटाटावडा' ऐकल्यावर माणूस हसायला तोंड उघडतो आणि तुमचं 'काढून दाखवला आणि मला म्हणाल्या की' अजून चालूच. सभ्य माणूस पुढचं ऐकायचं म्हणून हसू गिळतो. गिळलेलं हसू परत येत नाही. हसवणारा शब्द वाक्यात सगळ्यात शेवटी पडला पाहिजे आणि त्याच्यामागे 'होता', 'आहे', 'असं म्हणाल्या' यांपैकी कोणीही उभं राहता कामा नये. डाएटचं कारणही वड्याच्या आधी आलं पाहिजे, नाहीतर हशा झाल्यावर तुम्ही खुलासा देत बसाल. असं करून बघा:

"एक काकू दर मंगळवारी लॉकर उघडायला येतात. आत अर्धा तास. मला वाटलं, पाटल्या मोजत असतील. परवा विचारलं, काकू, करता काय एवढा वेळ? काकूंनी आधी दाराकडे बघितलं. मग पर्स उघडली. 'घरी सुनेनं डाएट लावलंय गं...' आणि आतून निघाला बटाटावडा."

इथे गप्प. हशा चढू द्या. तो ओसरायला लागला, पुरता थांबायच्या जरा आधी, टॅग, म्हणजे त्याच विनोदाला जोडलेली पुढची ओळ, टाका: "अख्ख्या बँकेत मुंग्या लागलेला एकच लॉकर." पुन्हा थांबा. मग: "लॉकर उघडायला दोन चाव्या लागतात. एक काकूंची, एक बँकेची. म्हणजे नियमाने बघितलं तर अर्धा वडा माझा." एका किश्शावर तीन हशे आले की पाच मिनिटांतला दीड मिनिट सुटला. आणि शेवटी सासूबाईंवर काही करणार असाल (करालच), तर तिथे नुसतं "आता मीपण लॉकर घेतलाय" म्हणा. याला कॉलबॅक म्हणतात, आधीच्या विनोदाची नुसती आठवण करून द्यायची. वड्याचं नावसुद्धा घेऊ नका.

बाकी बारीकसारीक. स्टेजवर गेल्यावर माइक स्टँडमधून काढलात तर स्टँड उचलून मागे ठेवा, नाहीतर पाच मिनिटं तुम्ही दांडीच्या आडून बोलाल. 'आवाज येतोय ना' विचारू नका. एक मिनिट उरलं की मागून मोबाइलचा दिवा दाखवतात, त्याला लाइट म्हणतात. लाइट दिसला की चालू किस्सा संपवून उतरायचं. पाचाची सात मिनिटं करणाऱ्याला पुन्हा स्पॉट मिळत नाही, तो कितीही हसवो. लंडनच्या कॉमेडी स्टोअरमध्ये १९७९ साली तर सरळ घंटा बडवून उतरवायचे. त्याच कॉमेडी स्टोअरने २०१० मध्ये आपल्या लोअर परळला शाखा काढली, पण घंटेऐवजी मोबाइलचा दिवा ही आपल्याकडची सभ्यता समजा.

बुधवारचे निम्मे प्रेक्षक स्वतःच्या नंबराची वाट बघणारे कॉमेडियन असतात. ते वहीत डोकं घालून बसतात आणि आवडलं तरी नुसती मान हलवतात. ते हसले नाहीत म्हणून किस्सा मोडीत काढू नका. फोनवर रेकॉर्ड करा आणि परतीच्या गाडीत ऐका. स्वतःचे शब्द ऐकायचे नाहीत, हसू कुठे सुरू झालं तेवढंच ऐकायचं. कधीकधी ते तुम्ही ठरवलेल्या जागेच्या आधीच सुरू झालेलं असतं. मग त्यापुढचं सगळं छाटा.

मागे विटांची भिंत दिसली तर भारावून जाऊ नका. न्यूयॉर्कच्या इम्प्रॉव्ह क्लबात, १९६३ सालची गोष्ट, मालक बड फ्रीडमनकडे भिंत झाकायला पैसे नव्हते म्हणून विटा उघड्या राहिल्या. आता लोक पैसे मोजून खोट्या विटा चिकटवतात.

आणि तुमच्या मिस्टरांना सांगा, ती तोडफोड मार्च २०२५ मध्ये खारच्याच हॅबिटॅट क्लबात झाली, कॉमेडियन कुणाल कामराच्या राजकीय व्हिडिओवरून. वाईटच झालं ते, आणि त्यानंतर क्लबवाले कलाकाराला दोन प्रश्न जास्त विचारतात. पण बटाटावड्यावरून मोर्चा निघाल्याचं अजून ऐकिवात नाही.

पेठेतला_पाहुणा

कर्जतवाल्यांशी सहमत, एक शब्द सोडून. 'पाटल्या' काढा, 'सोनं' म्हणा. खारच्या खोलीत लॉकर, सून, डाएट, बटाटावडा हे सगळं गुजरात्यालाही कळतं. पाटल्या म्हटलं की तिसऱ्या रांगेतला माणूस शेजारच्याला अर्थ विचारणार आणि वडा निघेल तेव्हा दोघंही खाली मान घालून कुजबुजत असणार. भाडिपा या मराठी चॅनलने मराठी स्टँड-अप यूट्यूबवर आणल्यापासून मराठी ऐकायची सवय बऱ्याच जणांना झाली आहे. सुरुवातीला 'माफ करा, मी मराठीत बोलणार आहे' असलं काही म्हणू नका. सरळ सुरू करा.

दुसरं, तुम्ही बँकवाल्या. मंगळवार बदला, काकूंचं वय बदला, हवं तर काकूंचे काका करा. ग्राहकाने ओळखलं तर वड्याची चौकशी मुख्य कार्यालयात होईल.

लॉकरवाली

सगळ्यांचे आभार! मंगळवारचा शुक्रवार केला, पाटल्या गेल्या. काका करून पाहिले पण मजा गेली, सुनेला सासूच हवी. नवीन वाक्यरचना नणंदेला ऐकवली. ती आधीच्यापेक्षा कमी लोळली, पण 'अर्धा वडा माझा'ला टाळी दिली. आता दोन शंका. मध्येच कोणी ओरडलं तर? आणि सासूबाई यायचं म्हणताहेत, आणू का?

शेवटची_कर्जत

नणंदेला किस्सा माहीत होता म्हणून ती कमी लोळली. तिच्यावर आता काही तपासू नका, ती बाद.

कोणी ओरडलं तर आधी तो काय म्हणाला ते माइकवर पुन्हा म्हणा. मागच्यांनाही कळतं आणि तुम्हाला विचार करायला दोन सेकंद मिळतात. बहुतेक वेळा ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकूनच तो माणूस गार होतो. काउंटरवर टोकन नंबर सोडून घुसणाऱ्याला तुम्ही जे बोलता तेही चालेल, तो सराव आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त आहे.

सासूबाईंना यावेळी नको. तुम्ही पाच मिनिटं त्यांच्याच चेहऱ्याकडे बघाल आणि सासूवरचा किस्सा ऐनवेळी गाळाल. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आणा, पहिल्या रांगेत बसवा आणि होस्टला सांगून ठेवा.

अर्धा तास आधी पोचा. लाइनअप कागदावर असतो आणि तो बदलतो. शेवटचा स्पॉट लागला तर होस्टला तेव्हाच सांगा की दादरला गाडी बदलून ठाण्याला जायचंय. वर सरकवतात.