मदत हवी आहे: भूल दिली तरी जाग राहते का? गुरुवारी ऑपरेशन

मुक्कामपोस्ट: जरा लवकर सांगा. ताईचं गुरुवारी ऑपरेशन आहे आणि ती नाही म्हणून बसलीये. मागच्या वेळी भूल दिलेली असताना तिला सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर आंब्याच्या पेटीचा भाव बोलत होते. हलता येईना, ओरडता येईना. घरचे म्हणतात स्वप्न पडलं असेल. परत तसंच झालं तर?

सुपारी: मागचं कसलं? आताचं कसलं? भूल पाठीत की पूर्ण? आम्हाला काय स्वप्न पडणार?

घाटावरचा: सिझर असेल. पाठीत देतात, ऐकू येणारच. आमची ही तर डॉक्टरांशी गप्पा मारत होती.

मुक्कामपोस्ट: सिझरच, ८ वर्षांपूर्वी. पण पूर्ण भूल, बाळाचे ठोके कमी झाले म्हणून घाईत. आता पित्ताशयातले खडे, दुर्बिणीतून.

काढाप्रेमी: पाषाणभेद घ्या, ऑपरेशनच टळेल.

सुपारी: तो मुतखड्यावर देतात हो!

ओटीवाली: निवृत्त भूलतज्ज्ञ आहे. स्वप्न म्हणू नका. झोपेचं औषध वेगळं, स्नायू सैल करणारं वेगळं. पहिलं कमी पडलं नि दुसरं पुरलं, की माणूस जागा पण निपचित. ब्रिटन-आयर्लंडच्या २०१४ च्या अहवालात अशी तक्रार साधारण १९,००० भुलींमागे एक. पूर्ण भुलेतल्या सिझरला मात्र ६७० मागे एक. घाई आणि बेताचा डोस. दुर्बिणीच्या ऑपरेशनलाही स्नायू सैल करतात, म्हणून आधी सांगायलाच हवं.

बीपबीप: कपाळाला पट्टी लावून भूल किती खोल ते दाखवतो तो बिस मॉनिटर मागा. त्याशिवाय सही करू नका.

ओटीवाली: सही अडवून काय होणार? २००८ च्या अमेरिकेतल्या चाचणीत बिसवाल्या गटात २ जण जागे, श्वासातला भुलेचा गॅस मोजणाऱ्या गटातही २. भूल सगळी शिरेतून देणार असतील तर मोजायला गॅसच नसतो, तेव्हा जरूर मागा.

घाटावरचा: पेटी कितीला म्हणाले होते?

ओटीवाली: पीएसी झाली का?

मुक्कामपोस्ट: म्हणजे? काल एका डॉक्टरांनी तोंड उघडायला लावून दात बघितले, ते का?

ओटीवाली: तेच भूलतज्ज्ञ, आणि तीच पीएसी, भुलेआधीची तपासणी. त्यांना सांगितलंत?

मुक्कामपोस्ट: "आधी भुलेचा काही त्रास?" विचारलं होतं. ताईच्या आधी आईच 'नाही' म्हणाली.

ओटीवाली: उद्या सकाळी परत जा. ताईला बोलू द्या, आईंना बाहेर बसवा. जुनी फाईल असेल तर न्या.

मुक्कामपोस्ट: फाईल माळ्यावर आहे. काढतो.