शेरीफ म्हणजे फक्त पोलीसप्रमुख नव्हे
‘शेरीफ म्हणजे अमेरिकेतला एस.पी. (जिल्ह्याचा पोलीसप्रमुख)’ असं कुणी म्हटलं, तर ते मला अर्धंच पटतं. एस.पी.ची नेमणूक होते. शेरीफ बहुतेक राज्यांत थेट मतदानाने निवडून येतो. काउंटीचा (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा) तुरुंग सांभाळणं, कोर्टाची समन्स बजावणं हेही सहसा त्याच्याच खात्याकडे.

कॅलिफोर्नियातली इन्यो काउंटी बघा. वस्ती जेमतेम 19 हजार, पण 4,421 मीटर उंचीच्या माउंट व्हिटनीचा पूर्व उतार तिच्या हद्दीत. तिथे कुणी गिर्यारोहक हरवला की शोधपथक शेरीफच्या खात्यामार्फत निघतं, आणि दोर, स्ट्रेचर घेऊन चढणारी ही माणसं बिनपगारी स्वयंसेवक असतात! कॅलिफोर्नियातल्या बहुतेक काउंट्यांत तर कोणी दगावलं की मृत्यूचं कारण ठरवणारा अधिकारी, म्हणजे कॉरोनरही, शेरीफच असतो. एवढ्या कमी वस्तीत हा भार उचलणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो.