धनेशाच्या ढोलीसाठी झाडमालकाला पैसे द्यायचे का? थायलंडच्या बाईंचं मॉडेल कोकणात चालेल?

संगमेश्वरी_पोर:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. घरामागच्या मालकी रानात एक जुना बेहडा आहे, दोघांच्या कवेत मावणार नाही एवढा, आणि त्याच्या ढोलीत गेली चार-पाच वर्षं धनेशाची जोडी येते, ती काळी-पांढरी मोठी जात. यंदा शिमग्याला गेलो तर मादी आत जाऊन बसलेली, ढोलीचं तोंड लिंपलेलं, बोटभर फट तेवढी उघडी. नर यायचा, खोडाला चिकटून बसायचा आणि गळ्यातून एकेक फळ वर काढून त्या फटीतून आत द्यायचा. मी अर्धा तास मान वर करून उभा. आणि त्याच संध्याकाळी कळलं की धाकट्या काकांनी झाड लाकूडवाल्याला द्यायचं ठरवलंय!! सातबाऱ्यावर अकरा नावं, पण कुठलं झाड कुणाच्या वाटणीचं हे सगळ्यांना तोंडपाठ.

मी एमएस्सी झूलॉजीला आहे. आमच्या सरांनी लेक्चरला थायलंडच्या प्रा. पिलाई पूनस्वाद यांचं सांगितलं होतं की त्यांनी धनेशाची पिल्लं चोरणाऱ्यांनाच राखणदार केलं वगैरे. ऐकायला भारी वाटतं, पण खरंच झालं का तसं? आणि काकांच्या बेहड्याला ते लागू पडेल का? काकांना पक्ष्याशी वाकडं नाही, त्यांना घराचं छप्पर करायचंय.

बँकॉककर:
सहा वर्षं काढली बँकॉकात, खाओ याईला तीनदा गेलोय, त्यामुळे थोडं सांगू शकतो. मजा म्हणजे बाई मुळात पक्षीवाल्या नाहीतच. महिदोल युनिव्हर्सिटीच्या मायक्रोबायॉलॉजी डिपार्टमेंटला प्राध्यापक होत्या. १९७८ मध्ये खाओ याई नॅशनल पार्कात धनेशाच्या ढोल्या बघायला लागल्या आणि मग ते काही सुटलं नाही. थायलंडमध्ये धनेशाच्या १३ जाती आहेत, आपल्या अख्ख्या भारतात ९.

त्यांचं जे काम मला सगळ्यात आवडतं ते कुणी सांगत नाही, ते म्हणजे ढोलीची डागडुजी. धनेशाला सुतार पक्ष्यासारखं खोड पोखरता येत नाही, आयती ढोली लागते, फांदी मोडून किंवा लाकूड कुजून झालेली, आणि तसली झाडं जुनीच असतात. बरं ढोली मिळाली तरी ती जन्मभर पुरत नाही. आतलं लाकूड कुजत जातं, तळ खाली खाली बसतो, आणि एक दिवस अशी वेळ येते की आत बसलेल्या मादीची चोच फटीपर्यंत पोचतच नाही. नर बाहेर उंबर घेऊन उभा, मादी आत खड्ड्यात. की जोडी ती ढोली सोडते. मग पूनस्वाद बाईंची माणसं दोर लावून झाडावर चढतात, तळाला माती भरतात, तोंड मोठं झालं असेल तर बारीक करून देतात. वर्षानुवर्षं त्याच त्या ढोल्यांच्या नोंदी ठेवल्या म्हणूनच हे लक्षात आलं, एका सीझनच्या प्रोजेक्टमध्ये कुणाला दिसलं असतं?

चोरांचं म्हणशील तर ते खाओ याईचं नाही, दक्षिणेतल्या बुडोच्या डोंगराचं, मलेशियाच्या हद्दीकडे. तिथले मलय मुसलमान गाववाले, रबराच्या बागा आणि फळबागा करणारे, पिल्लं काढून विकायचे. १९९४ पासून बाई त्या गावांत जायला लागल्या. हिशोब साधा होता, कुठल्या झाडावर ढोली आहे आणि वर कसं चढायचं हे त्या लोकांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मग त्यांनाच पगार देऊन ढोल्यांवर बसवलं, नर किती वेळा आला, काय घेऊन आला, पिल्लू कधी उडालं, सगळं लिहायचं. पैसा शहरातल्या लोकांकडून, एकेक ढोली दत्तक देऊन. पुढे २००४ नंतर त्या भागात बाँब-गोळीबार सुरू झाले तरी गाववाल्यांनी काम सोडलं नाही. २००६ मध्ये बाईंना रोलेक्स अवॉर्ड मिळालं.

कायद्याचं_बोला:
एवढं पुराण कशाला? हा मोठा काळा-पांढरा धनेश वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच घरट्याची नासधूस येते. वनखात्यात अर्ज टाका, विषय संपला.

संगमेश्वरी_पोर:
@कायद्याचं_बोला सख्ख्या काकांवर केस करू? गणपतीला कुठल्या तोंडाने जाऊ 😅

पूर्वेची_ताई:
कायदा चूक नाहीये, पण तो वापरायचाच तर लाकूडवाल्यापुढे वापर, काकांपुढे नको. "मादी आत आहे तोवर करवत लागली तर तुम्ही पण अडकाल" एवढं ऐकलं तरी लाकूडवाला पावसाळ्यानंतर बघू म्हणेल. तेवढ्यात यंदाचं पिल्लू तरी सुटतं.

मी दोन वर्षं अरुणाचलात होते, पक्के व्याघ्र प्रकल्पाजवळ. तिथे थायलंडच्याच धर्तीवर ढोल्या दत्तक देण्याचं काम चालतं, २०११ च्या सुमारास सुरू झालं. अपराजिता दत्त यांची संस्था, तिथल्या निशी आदिवासींची घोरा आभे सोसायटी आणि वनखातं असे तिघं मिळून करतात. अपराजितांना निसर्गसंवर्धनासाठीचं २०१३ चं व्हिटली अवॉर्ड आहे. निशी पुरुषांच्या टोपीवर धनेशाची चोच लागते, ती आता बरेच जण फायबरची लावतात. राखणदारांतले काही पूर्वीचे शिकारी. त्यातल्या एका दादांबरोबर मी बसलेय, पंखांचा आवाज लांबून आला, जुन्या वाफेच्या इंजिनासारखा असतो बघ, की ते न बघता सांगायचे कुठली जात ते. मी दुर्बीण शोधत असायचे.

पण तुझी केस वेगळी आहे. बुडोला आणि पक्केला अडचण होती ती पक्षी नेणाऱ्या माणसाची, जंगल सरकारी. कोकणात पक्ष्याला कुणी हात लावत नाही, झाडच मालकाचं आहे आणि झाडाला गिऱ्हाईक आहे. त्यामुळे राखणदाराचा पगार देऊन भागणार नाही, झाड उभं ठेवण्याचं भाडं म्हण हवं तर, ते दरवर्षी द्यावं लागेल. एकरकमी देऊ नका, एकरकमीत लाकूडवाला कधीही तुमच्यावर बोली लावेल.

देवरुखचा_दादूस:
ताईंशी सहमत, पण माझा एक किडा. पैसे देणारा कंटाळला की काय? आमच्याकडे लोकं देवराहाटीतल्या (देवाच्या नावाने राखलेल्या रानातल्या) झाडाला आजही हात लावत नाहीत, फुकट. उद्या प्रत्येक झाडाचे पैसे मिळतात कळलं तर राहाटीचे पण मागतील. आणि नुसता बेहडा ठेवून काय करायचंय, वड, उंबर, रान जायफळ तोडून आंबा-काजू लावलेत सगळीकडे, नराने आणायचं काय, काजूच्या बिया?

बँकॉककर:
दादूस, मुद्दा खरा आहे. पण बाईंच्या लोकांना पगार ढोलीच्या नोंदींचा होता, नुसतं झाड न तोडण्याचा नव्हता. रोज वही भरायची, त्यात मान पण मिळतो माणसाला. संगमेश्वरी, काकांना पैशाआधी वही देऊन बघ.

संगमेश्वरी_पोर:
काल रात्री काकांना फोन लावला. आधी भडकले, तू पुण्यात बसून मला शिकवू नको म्हणाले. मग मी विचारलं नर दिवसातून किती वेळा येतो. तर म्हणे, "पयला फेरा साडेसहाला, मी दात घासत असतंय तेवा. दुपारी नाय येत. परवा सरडो घेऊन आल्लो." सरडा! मला माहीतच नव्हतं हे घरी कुणी बघतंय.

लाकूडवाल्याकडून दोन हजार आगाऊ घेऊन झालेत आणि ते खर्च पण झालेत. ते मी परत करतोय. मे महिन्यापर्यंत थांबतो म्हणालेत, पुढचं दोन्ही चुलत भावांना विचारून, त्यातला एक मुंबईला असतो आणि त्याला छपरापेक्षा वाटणीत जास्त इंटरेस्ट आहे. शनिवारी जातोय गावी. ताई, पक्केला त्या नोंदवहीत रकाने कसे असतात ते आठवत असेल तर टाका इथे, दोनशे पानी वही घेतलीय.