पंप चालू आहे का, हे ईएसपी३२ला सुरक्षित कसं कळवायचं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. कोथरूडला आमच्या सोसायटीचा सिंगल फेज पंप चालू आहे का, एवढंच ईएसपी३२ला (३.३ व्होल्टवर चालणारा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) कळायला हवं. पंप चालवायचा नाही, वॉचमनकाका आहेत त्याला.

नुसते रेझिस्टर लावून २३० चे ३.३ व्होल्ट करायचा सल्ला एकानं दिला, मला तो साफ नामंजूर. फेज-न्यूट्रल उलटे लागले की यूएसबीला जोडलेल्या लॅपटॉपसकट सगळंच लाइव्ह! म्हणून पीसी८१७ ऑप्टोकपलर, म्हणजे आतल्या एलईडीच्या उजेडानं सिग्नल पलीकडे देणारा, दोन्ही बाजू विजेनं अलग ठेवणारा भाग. मेन्सकडून ४७ केचे दोन रेझिस्टर सीरीजमध्ये, करंट साधारण अडीच मिलीअँपिअर. आतला एलईडी उलटे जेमतेम ६ व्होल्ट सोसतो, म्हणून त्याला उलटा १एन४००७ डायोड. पाव वॅटचे रेझिस्टर इथे कमी पडतात, तेव्हा तापकीर गल्लीतून एक वॅटचे आणतोय. फ्यूज असेलच.

खरी पंचाईत वेगळी आहे. स्टार्टरपासून येणारी वायर दुसऱ्या लाइव्ह वायरसोबत एकाच पाइपातून लांबवर जाते. पंप बंद असतानाही टेस्टर मिणमिणतो. शेजारच्या वायरमुळे उमटणाऱ्या या भुताटकी व्होल्टेजनं ऑप्टो फसेल का? इनपुटला समांतर रेझिस्टर लावू, की सरळ २३० व्होल्ट कॉइलचा रिले (कॉइलला वीज मिळाली की कॉन्टॅक्ट ओढणारा स्विच) घेऊन त्याचा कॉन्टॅक्ट वाचू? रिले सतत ओढलेला राहील, तो किती टिकतो? पॅनलचं काम करणाऱ्यांनी जरूर सांगा. अंतिम जोडणी लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घेणार आहे.