आईला काहीच का उमजत नाही?

कर्वेनगरची वाचक
दिवाळी अंकांतल्या आई-मुलीच्या कथांमध्ये एक गोष्ट मला सतत खटकते. आई गेल्यावर तेराव्याच्या आसपास मुलगी कपाट आवरायला घेते, साड्यांच्या घडीत एखादी वही किंवा पासबुक सापडते आणि शेवटच्या परिच्छेदात तिला आई 'कळते'. उमज नेहमी मुलीच्याच वाट्याला येते. आईने फक्त कळून घेतले जायचे, तेही शक्यतो मेल्यानंतर, म्हणजे उलट बोलण्याची सोयच उरत नाही. ही लेखकाची पळवाट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जिवंत आईला स्वतःचे मत, स्वतःचा हट्ट आणि स्वतःची उमज द्यायची तर कथा पहिल्या पानापासून वेगळी लिहावी लागते. वही सापडली की ते कष्ट वाचतात.

पेठेतला
पळवाट म्हणणे अन्यायाचे आहे. आठ-दहा पानांत दोघींचे आयुष्य मावत नाही, म्हणून लघुकथा एका क्षणावर भिस्त ठेवते आणि तो क्षण दोघींपैकी एकीच्याच नजरेतून दिसतो. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा शिकलेल्या मुलींची घुसमट मांडणे इतके धाडसाचे होते, की मालतीबाई बेडेकरांना 'विभावरी शिरूरकर' या नावाआड राहावे लागले. ज्यांना बोलायला इतक्या उशिरा मिळाले, त्यांनी आधी स्वतःचे बोलावे, यात गैर काय?

कर्वेनगरची वाचक
ते धाडस मान्यच आहे, पण त्याचे व्याज आपण किती वर्षे खाणार? ॲलिस वॉकर यांची १९७३ मधली 'एव्हरीडे यूज' ही कथा घ्या. शहरात शिकून आलेली डी आजीच्या हातच्या गोधड्या भिंतीवर टांगायला मागते आणि अंगावर भाजल्याचे व्रण असलेली धाकटी मॅगी त्या मुकाट सोडायला तयार होते. निवेदन आईचे आहे. ती मॅगीकडे पाहते, तिला मिठी मारते आणि डीच्या हातातल्या गोधड्या हिसकावून मॅगीच्या मांडीवर टाकते. त्यासाठी कोणाला मरावे लागत नाही.

मुठेकाठचा
कोणाला तरी काही उमजलेच पाहिजे, हे तुम्ही दोघेही गृहीत धरता. अशा क्षणांशी जेम्स जॉइस यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, पण १९१४ च्या 'डब्लिनर्स'मधल्या 'अ मदर' या कथेत काय होते? मुलीच्या, कॅथलीनच्या, पियानोवादनाचे ठरलेले आठ गिनी पुरते पदरात पडावेत म्हणून मिसेस कर्नी ऐन कार्यक्रमात अडून बसतात, संयोजकांशी भांडतात आणि शेवटी मुलीला घेऊन निघून जातात. (असा हट्ट धरणाऱ्या आया पुण्यात पुष्कळ आहेत, मला तरी ही कथा भरत नाट्य मंदिराच्या विंगेत घडल्यासारखी वाटते.) आईला शेवटपर्यंत काही कळत नाही, कळते ते वाचकाला, आणि कथेला तेवढे पुरते.

पेठेतला
वाचकाला पुरत असेल, कॅथलीनला पुरत नाही. आईबाबत जी तक्रार या धाग्याच्या सुरुवातीला झाली, तीच इथे मुलीबाबत करता येईल. भांडण चालू असताना ती खाली मान घालून नव्या बुटाचे टोक हलवत राहते. तिला पैसे हवे आहेत की नुसते वाजवायचे आहे, हे आईही विचारत नाही आणि लेखकही.