इंग्रजीच्या तासाला ऑनलाइन प्रकल्प केला की सजावट वाढते, इंग्रजी तेवढंच राहतं. काय करावं?

प्रश्न

नमस्कार. मी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवते. मुलांच्या घरी कुणी इंग्रजी बोलत नाही, त्यामुळे जे काही कानावर पडतं ते माझ्याच तासाला. वर्गात ४२ मुलं आहेत आणि संगणक कक्षात चालू स्थितीतली १४ यंत्रं, म्हणजे एका यंत्रापुढे तिघं. आठवड्यातले दोन तास तो कक्ष मला मिळतो.

गेल्या सत्रात कॅन्व्हावर, म्हणजे चित्रं आणि मजकूर मांडून पानं सजवायच्या ऑनलाइन साधनावर, एक प्रकल्प दिला होता: एका काल्पनिक बेटाची माहितीपुस्तिका. सहा तास दिले. मुलं इतकी रमली की घंटा झाली तरी जागची हलेनात. मला फार बरं वाटलं. मग चौदाही पुस्तिका घेऊन तपासायला बसले. सगळ्यात देखण्या पुस्तिकेत नकाशा होता, रंग नेमके होते, अक्षरांची निवड सुंदर होती आणि इंग्रजी वाक्यं होती एकूण नऊ. त्यातली सहा 'देअर इज'नं सुरू होणारी. दुसऱ्या एका गटानं पानंच्या पानं लिहिली होती, पण त्यात 'रिस्प्लेंडंट' हा शब्द होता. अर्थ विचारला तेव्हा तिघंही एकमेकांकडे बघत राहिले. मातृभाषेत लिहून यंत्राकडून भाषांतर करून घेतलं होतं. मी रागावले नाही. मी पुस्तिका मागितली होती, मुलांनी पुस्तिका दिली होती. इंग्रजी कुठे लागेल हे मीच ठरवलं नव्हतं.

तरी ही साधनं मला सोडायची नाहीत. वर्षभरात वर्गात एकदाही न बोललेली एक मुलगी त्या प्रकल्पात आपणहून माझ्याकडे आली आणि बेटावरच्या पक्ष्याला तिनं घडवलेलं नाव तसंच का ठेवलं, हे मला इंग्रजीत सांगून गेली. दोनच वाक्यं होती, पण तिची स्वतःची होती.

म्हणून दोन गोष्टी विचारते. इंग्रजी टाळताच येणार नाही असं काम कोणत्या साधनावर देता येतं? आणि गुण नेमके कशाला द्यायचे?

उत्तर: अनेक वर्षं इंग्रजी शिकवणारा एक शिक्षक

ताई, तुमच्या चौदा पुस्तिकांसारख्या पुस्तिका मीही तपासल्या आहेत. पुस्तिका, भित्तिपत्रक, सरकचित्रं (स्लाइड्स) ही अशी कामं आहेत की ज्यांत चित्र मजकुराची जागा घेऊ शकतं. मूल तिथे चित्र लावणारच, कारण चित्र लावणं सोपं आणि लगेच छान दिसणारं. मग मी असं साधन शोधलं की ज्यात शब्दांवाचून काहीच घडत नाही. ते म्हणजे ट्वाइन.

क्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये ते तयार केलं. विनामूल्य आहे, ब्राउझरमध्ये उघडतं, खातं उघडावं लागत नाही. त्यात वाचकाच्या निवडीनुसार पुढे जाणारी गोष्ट लिहिता येते. पडद्यावर चौकोन येतो, त्यात मजकूर लिहायचा, आणि एखाद्या शब्दसमूहाभोवती दुहेरी चौकोनी कंस टाकले की तिथून नवा चौकोन फुटतो. शिकवायला मला पंधरा मिनिटं पुरतात.

खरी गंमत व्याकरणात आहे. अशी गोष्ट सहसा द्वितीय पुरुषात आणि वर्तमानकाळात लिहितात: 'यू ओपन द डोअर.' मुलं सवयीनं 'यू ओपन्ड' लिहितात आणि पुढच्याच चौकोनाशी अडखळतात, कारण जे होऊन गेलं त्यात वाचक निवड काय करणार? काळाची चूक मला लाल शाईनं दाखवावी लागत नाही, ती गोष्टच दाखवते. निवडीची वाक्यं आज्ञार्थी होतात: 'फॉलो द वुमन', 'स्टे हिअर'.

पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची जागा वेगळीच आहे. मी अट घालतो की दोन वेगळ्या वाटा निदान दोनदा एकाच चौकोनात येऊन मिळाल्या पाहिजेत. आता तिथला मजकूर दोन्ही वाटांनी आलेल्या वाचकाला पटायला हवा. एका गटानं मिलनाच्या चौकोनात 'यू टेक आउट द लेटर' लिहिलं होतं. शेजारच्या गटातला मुलगा दुसऱ्या वाटेनं तिथे पोहोचला आणि म्हणाला, 'विच लेटर?' त्याला वाटेत पत्र भेटलंच नव्हतं. 'अ' आणि 'द' यांतला फरक मी फळ्यावर कितीदा तरी समजावला होता. त्या दिवशी तो चौघा-पाच जणांनी आपसांत वाद घालून समजून घेतला. 'स्टिल', 'अगेन', 'ऑलरेडी' हे शब्दही तिथेच कस लावून तपासले जातात. 'यू आर टायर्ड अगेन' असं लिहिलं, तर वाचक आधी एकदा थकलेला असायला हवा ना!

मर्यादा आधीच सांगून टाका. मी बारा चौकोन, तीन शेवट आणि दोन मिलनं ठेवतो. मर्यादा नसेल तर मुलं फांद्या फोडत जातात आणि एकही फांदी पुरी होत नाही. पहिले दोन तास यंत्रं बंद. कागदाच्या चिठ्ठ्यांवर प्रत्येक चौकोन लिहायचा, जमिनीवर मांडायच्या, दोऱ्यानं जोडायच्या. तिघांपैकी कोण काय लिहितंय ते तेव्हा दिसतं.

एक सावधगिरी. ब्राउझरमधल्या ट्वाइनमध्ये लिहिलेली गोष्ट त्याच यंत्रावरच्या त्याच ब्राउझरमध्ये राहते. कुणी ब्राउझरची माहिती पुसली की गोष्ट गेली. माझ्या दोन गटांचं चार तासांचं काम असं गेलं आणि मुलींच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून तास संपायच्या पाच मिनिटं आधी सगळ्यांनी गोष्ट फाइल म्हणून उतरवून घ्यायची, हा नियम आहे. ती फाइल पुढच्या वेळी परत आत घेता येते आणि इंटरनेट नसतानाही वाचता येते.

गुणांचं म्हणाल तर मी निम्मे गुण कच्च्या मसुद्याला देतो. मजकूर आधी गूगल डॉक्समध्ये लिहायला लावतो, कारण तिथे जुन्या आवृत्त्या पाहता येतात. भाषांतर करून चिकटवलेला उतारा तिथे एकदम अख्खा उमटतो. मुलानं लिहिलेला उतारा थांबत, खोडत, मागेपुढे होत वाढलेला दिसतो. हे मी चोर पकडायला वापरत नाही. मुलाला शेजारी बसवतो, जुनी आवृत्ती उघडतो आणि विचारतो, 'हे वाक्य का बदललंस?' त्या उत्तराला गुण देतो, मोडक्या इंग्रजीत असलं तरी.

मेरिल स्वेन यांनी कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून १९८५ मध्ये मांडलेलं म्हणणं मला इथे नेहमी आठवतं. ती मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकत होती, त्यांना ती छान समजत होती, पण बोलण्या-लिहिण्यातलं व्याकरण कच्चंच राहिलं होतं. स्वेन यांचं म्हणणं असं की ऐकताना अर्थ अंदाजानं लागतो. स्वतः वाक्य घडवायला गेल्यावरच आपल्याकडे काय कमी आहे ते कळतं. साधन निवडताना मी एवढंच बघतो: या कामात मुलाला ती उणीव जाणवणार का?

उत्तर: सहा वर्षं इंग्रजी शिकवणारी शिक्षिका

सरांचं पटतं, पण माझ्या वर्गात लिहिण्यापेक्षा बोलण्याची भीती जास्त आहे, म्हणून मी आवाजाकडे वळले. मुलं गटानं चार मिनिटांचं श्रुतिनाट्य करतात. संवाद स्वतः लिहायचे, फोनवर ध्वनिमुद्रण करायचं आणि नंतर संगणकावर जोडायचं. ब्राउझरमध्ये चालणारे ध्वनिसंपादक आहेत. यंत्रावर ऑडॅसिटी घालून घेतलं तर तेही विनामूल्य आहे.

मला कळलेली गोष्ट सांगते. ध्वनिसंपादकात आवाजाची लाट दिसते आणि जिथे बोलणं थांबलं तिथे ती सपाट होते. एक मुलगा प्रत्येक 'द'नंतर थांबत होता: 'द... ओल्ड मॅन ओपन्ड द... बॉक्स.' मी हे त्याला कितीदा सांगितलं असेल! पडद्यावर त्या सपाट रेघा पाहिल्यावर तो स्वतःच म्हणाला, 'मी चुकीच्या जागी श्वास घेतोय.' नंतर त्यानं तेच वाक्य अकरा वेळा मुद्रित केलं. कुणी सांगितलं नव्हतं. वर्गात एखादं वाक्य तिसऱ्यांदा म्हणायला लावलं तर तोच मुलगा मान खाली घालतो.

शब्दाघातही इथेच शिकवता येतो. 'रेकॉर्ड' हा शब्द नाम असेल तर जोर शब्दाच्या पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. मुलं तो शब्द रोज वापरत होतीच, म्हणून तिथूनच सुरुवात केली आणि 'प्रेझेंट', 'ऑब्जेक्ट' अशा जोड्या त्यांनी स्वतः शोधून आणल्या.

पावसाचा, दाराचा आवाज हवा असेल तर फ्रीसाउंड या ध्वनींच्या संकेतस्थळावर मिळतो, पण प्रत्येक ध्वनीचा परवाना वेगळा असतो आणि अनेकांना श्रेय द्यावं लागतं. ही श्रेयाची ओळ मी मुलांकडून इंग्रजीतच लिहून घेते.

सजावटीबद्दल मात्र थोडं वेगळं म्हणेन. ताईंची ती पक्ष्याचं नाव सांगणारी मुलगी चित्रामुळेच बोलली असेल. चित्र काढून टाकू नका. चित्र का निवडलं हे तोंडी सांगायला लावा.

उत्तर: संगणक कक्ष सांभाळणारा एक जण

साधन ठरवण्याआधी दोन गोष्टी तपासा. अनेक सेवांना खात्यासाठी किमान १३ वर्षं वय लागतं. मुलांच्या माहितीविषयीचा अमेरिकेतला १९९८ चा कायदा त्यामागे आहे. तुमच्या वर्गात बारा-साडेबारा वर्षांचं एखादं मूल असू शकतं. शक्य तिथे शिक्षकाच्या खात्यावरून किंवा खात्याविना काम करा, आणि पालकांना आधी कळवा. दुसरं, पॅडलेटसारख्या सामायिक फलकावर काम टाकताना 'शिक्षकानं मंजूर केल्यावरच दिसेल' ही सोय सुरू ठेवा. मुलांची पूर्ण नावं आणि फोटो नकोत. गटाला टोपणनाव घेऊ द्या, तेही इंग्रजीत.

आणि कुठल्याही संकेतस्थळावर काम कायमचं राहील असं धरून चालू नका. सत्र संपलं की सगळं उतरवून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. सर, एक शंका आहे. तिघांत एकच मूल टंकलेखन करतं आणि बाकीचे दोघं बघत बसतात. याचं काय करता?

पहिल्या उत्तराचा लेखक

कळफलक ज्याच्या हातात, त्यानं स्वतःच्या मनाचं काहीही लिहायचं नाही. बाकीचे दोघं सांगतील तेच लिहायचं, आणि त्यांनी ते इंग्रजीतच सांगायचं. दर दहा मिनिटांनी जागा बदलायच्या. पहिल्या तासाला गोंगाट होईल, होऊ द्या.

मूळ प्रश्नकर्ती, पाच आठवड्यांनंतर

काय झालं ते कळवते. ट्वाइनच घेतलं, पण बारा चौकोन आमच्या मुलांना जड गेले असते म्हणून आठ ठेवले, दोन शेवट आणि एकच मिलन. पहिले दोन तास चिठ्ठ्या आणि दोरा. चौदांपैकी अकरा गोष्टी पूर्ण झाल्या. तीन अपुऱ्या आहेत आणि त्या मी अपुऱ्याच ठेवल्या आहेत. मुलं सुट्टीत येऊन त्या पुऱ्या करणार म्हणतात.

'सांगेल तेच लिहायचं' हा नियम सगळ्यात उपयोगी पडला. पहिल्या दिवशी मुलं बोटानं पडद्याकडे दाखवत होती. तिसऱ्या तासाला 'नो, नॉट देअर, आफ्टर द डोअर' असं ऐकू येऊ लागलं. चिकटवलेले उतारे या वेळी फक्त दोन ठिकाणी सापडले. दोन्ही गटांशी बसून बोलले. एका गटानं तो उतारा काढून टाकला आणि त्याजागी चार साधी वाक्यं लिहिली, ज्यांत दोन चुका आहेत. त्या चुका मी अजून दुरुस्त केलेल्या नाहीत. पुढच्या तासाला दुसरा गट ती गोष्ट वाचणार आहे, त्यांना सापडतात का बघते.

त्या मुलीच्या गटानं गोष्टीत तोच पक्षी घेतला आहे. श्रुतिनाट्याचं काम पुढच्या सत्रात करणार आहे, त्यासाठी पक्ष्याचा आवाज मीच काढणार असं तिनं आत्ताच सांगून ठेवलंय. ताई, फोनवर ध्वनिमुद्रण करताना वर्गातला पंख्याचा आवाज तुम्ही कसा टाळता?